दिवाळीनंतरचा हजेरीपट

दरवर्षी १२ जूनला बालकामगारविरोधी दिन असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २००२ साली तो सुरू केला. त्या दिवशी फलक लागतात, शपथा होतात, मुलांच्या हाती घोषणांचे कागद देऊन फेऱ्या निघतात. या दिवसाबद्दल मला आदर आहे. पण आपल्या नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ही तारीख भलत्याच मोसमात पडते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं कामावरून परतून आपापल्या पाड्यांवर आलेली असतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले असतात, आभाळाकडे डोळे लागलेले असतात आणि पोरं घरीच असतात. चार दिवसांनी शाळेची घंटा होते, वर्ग भरतो. पटावरचं नाव आणि वर्गात बसलेलं मूल यांची गाठ पडते ती याच दिवसांत. मुलं जातात ती दिवाळीनंतर.

माझी नोकरी पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. आता नाशिकला पेठ रोडलाच घर आहे, म्हणजे रस्ता तोच, टोक बदललं. सुट्टी संपवून शाळा उघडली की पहिल्या सकाळी वर्गात शिरताच कळायचं. मागच्या तीन ओळी मोकळ्या. खिडकीशी बसणारी जुळी भावंडं नाहीत, पाढे खणखणीत म्हणणारा मुलगा नाही. हजेरीपटाचं जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी ठेवलं, तर ही दोन वेगवेगळ्या शाळांची पानं आहेत असं कुणालाही वाटेल. नावं मात्र तीच. नाव पटावर असतं म्हणून सरकारी हिशेबात ते मूल शाळेत असतं. प्रत्यक्षात ते दिंडोरी नाहीतर निफाडच्या एखाद्या बागेत, किंवा वीटभट्टीवर, किंवा कांदा साठवायच्या चाळीपाशी पोहोचलेलं असतं.

हे कसं घडतं, ते शहरातल्या वाचकांना नीट सांगायला हवं, कारण बालमजुरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे चहाच्या टपरीवरचा मुलगा येतो. भात आणि नागली घरात आली की ती किती महिने पुरणार हे घरातल्या बाईला मापाशिवाय कळतं. दुकानदाराची उधारी असते, कुणाचं आजारपण झालेलं असतं, एखादं लग्न ठरलेलं असतं. अशा वेळी मजुरांची टोळी नेणारा मुकादम येतो आणि उचल देतो. रोख पैसे, हातोहात, कुठल्याही कागदाशिवाय. त्या पैशांत उधारी फिटते, सण होतो, आणि मग ते पैसे अंगावर काम करून फेडायचे असतात. पिकअप पाड्याच्या तोंडाशी येते. पातेली, गोधड्या, कोंबड्या, पाण्याचा हंडा आणि मुलं, सगळं बिऱ्हाड एका खेपेत चढतं.

द्राक्षबागेतलं बरंचसं काम उक्तं असतं. एकराचा ठेका ठरतो, रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरत नाही. एकराचे पैसे ठरलेले असतील तर काम जितक्या लवकर उरकेल तितका पुढचा एकर लवकर हाती लागतो. म्हणून प्रत्येक हात मोलाचा होतो, दहा वर्षांचाही. पण त्या दहा वर्षांच्या हाताला कुणी मजुरी देत नाही, त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं. बागायतदार म्हणतो, मी काम जोडप्याला दिलंय, पोरं त्यांची आहेत. मुकादम म्हणतो, पोरं आईबापांबरोबर आलीत. आईबाप म्हणतात, पोरांना पाड्यावर कुणाजवळ ठेवायचं? तिघांचंही म्हणणं खरं असतं आणि मूल मात्र दिवसभर कामात असतं. उक्त्या कामाच्या या पद्धतीत बालमजुरीला मालकच उरत नाही. नाशिकच्या बालमजुरीत हीच गोष्ट मला सगळ्यात कठीण वाटते.

निवृत्तीनंतर एका हंगामात काही बालरक्षक शिक्षकांबरोबर मी दिंडोरी भागात फिरत होते. शाळाबाह्य मुलांचा शोध घेऊन त्यांना शाळेत आणणाऱ्या शिक्षकांना आपल्याकडे बालरक्षक म्हणतात. एका बागेत घडांची विरळणी चालली होती. घडातले दाटीचे मणी बारीक कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले मणी टपोरे होतात. मांडव मोठ्या माणसाच्या उंचीच्या बेतानं उभारलेला असतो. एक मुलगी प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर उभी राहून हे काम करत होती. मान मागे टाकलेली, तोंड वर, दोन्ही हात डोक्याच्या वर. एक घड झाला की खाली उतरायचं, क्रेट पायानं दोन हात पुढे सरकवायचा, पुन्हा वर चढायचं. डोळ्यांत कचरा पडत होता तो ती दंडानं पुसत होती, कारण बोटं चिकट झालेली. वेलीच्या सावलीत तिचा धाकटा भाऊ गोधडीवर निजलेला. तो किरकिरला की कात्री कमरेला खोचून ती खाली उतरायची.

मी तिला शाळेचं विचारलं. गावाचं नाव सांगितलं, मग म्हणाली, "चौथी. माझं नाव आहे पटावर." थोडं थांबून तिनंच मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं भागाकार झाला का शिकवून?" म्हटलं, तुला येतो का? तर म्हणाली, "तीन अंकी येतो. वरचा अंक खाली कधी आणायचा, ते राहिलं. तेवढ्यात आम्ही आलो."

वरचा अंक खाली कधी आणायचा हे शिकायला एखादा आठवडा लागतो. तो आठवडा हुकला की पुढचं सगळं गणित परकं होतं. जूनमध्ये ती परत वर्गात येते तेव्हा पुस्तक पाचवीचं असतं. शिक्षक अपूर्णांक शिकवायला घेतात आणि ती गप्प बसायला शिकते. दोन-तीन वर्षं अशी गेली की तीच म्हणते, मला शाळा आवडत नाही. मग आम्ही कागदावर लिहितो, शिक्षणात रस नाही. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं अशीच सुटत गेली, एकेका हुकलेल्या आठवड्यानं.

त्या बागेचा मालक वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते. गारपिटीच्या धास्तीनं त्याचीही झोप उडालेली, निर्यातीच्या मालाची तपासणी डोक्यावर, सोसायटीचं कर्ज अंगावर. त्यानं सरळ विचारलं, "पोरं घेऊन टोळी येते, तर मी त्यांचं काय करायचं?" त्याच्या बागेपासून जिल्हा परिषदेची शाळा किलोमीटरभरसुद्धा नव्हती. आम्ही मुलीला घेऊन गेलो तर तिथं पहिला प्रश्न आला तो दाखल्याचा. शिक्षण हक्क कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणानं कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्यातच आहे. कायदा वाचून दाखवावा लागला. पण वाचून दाखवल्यावर मुख्याध्यापकांनी लगेच नाव घेतलं, तेही सांगायला हवं.

खरी अडचण पुढे आली. मुलगी शाळेत गेली तर धाकट्याला बघणार कोण? अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना बसवून घेते, हा दीड वर्षाचा. त्या एका पोरासाठी पाळणा नाही म्हणून मोठ्या बहिणीची शाळा बुडते, हे मला पाड्यापाड्यांवर दिसलं आहे. लहान भावंडाला कडेवर घेणं हे काम कुणीच मजुरी म्हणून मोजत नाही. मुलीच्या बाबतीत तर ते कामच समजलं जात नाही. शेवटी टोळीतल्या एका म्हातारीनं दुपारपर्यंत बाळ सांभाळायचं कबूल केलं आणि तिचा तेवढा रोज बागायतदारानं दिला. मुलगी हंगाम संपेपर्यंत शाळेत गेली. प्रत्येक मळ्यावर अशी म्हातारी आणि असा बागायतदार भेटेल, या भरवशावर काही उभं राहत नाही. पण खर्च किती लागतो, ते मात्र त्या दिवशी कळलं. फार नव्हता.

हे झालं आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचं. एकट्या जाणाऱ्या मुलांबद्दल लिहिताना हात जड होतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची मुलगी दगावली. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तिला मेंढ्या राखायला ठेवलेलं होतं. तिच्या मृत्यूनंतर चौकशी सुरू झाली आणि एकामागून एक मुलं सापडत गेली. तेव्हाच्या बातम्यांत त्या मुलांची किंमत छापून आली होती: काही हजार रुपये आणि एक मेंढी. नाशिक शहरापासून इगतपुरी तासाभराच्या अंतरावर आहे. मुंबईला जाताना आपण घोटीला चहा प्यायला थांबतो, त्याच तालुक्यातल्या या वस्त्या.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. ज्या जागेवर झोपडी आहे तीही पुष्कळदा दुसऱ्याची. वीटभट्टी, कोळशाची भट्टी, जिथं नेतील तिथं काम. जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड यांतलं काहीतरी एक कायम अपुरं. अशा घरातून मूल द्यायला बाप तयार होतो तेव्हा लोक त्या बापाला शिव्या देतात. मी शिव्या देऊ शकत नाही. पण जिथं माझा राग आवरत नाही अशी एक गोष्ट आहे. मूल परत आणायला त्या आईबापांचे पाय उचलत नाहीत, कारण त्यांना वाटतं, घेतलेले पैसे फेडल्याशिवाय मुलावर आपला हक्क नाही. आणि ते साफ खोटं आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून या देशात आहे. वेठबिगारीच्या बदल्यात दिलेलं कर्ज त्या कायद्यानं रद्द होतं, फेडायची जबाबदारीच संपते. सुटका झालेल्याला मुक्ततेचा दाखला मिळायला हवा, त्यावर मदत मिळते. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत मुलांसाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्यानं ती हाती पडेपर्यंत मूल मोठं होऊन जातं, हा त्यातला मोठा दोष. तरीही, "तुझ्या अंगावर आता काही देणं नाही" एवढं वाक्य जरी त्या वस्तीवर कुणी वेळेत जाऊन सांगितलं असतं, तर काही मुलं आधी घरी आली असती असं मला वाटतं.

मेंढ्या राखणारं मूल ही काही नवी गोष्ट नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं होतं. खेड्यातले शेतकरी शाळेपासून दूर राहतात, एकतर दारिद्र्यामुळे आणि दुसरं म्हणजे गुरं राखायला आणि शेत बघायला त्यांना मुलं लागतात. म्हणून बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, आणि नुसती सक्ती करू नका, गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं देऊन शाळेत टिकवा, असंही ते म्हणाले. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. देशपातळीवर मात्र शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. फुल्यांच्या निवेदनानंतर एकशे सत्तावीस वर्षांनी.

आणि गुरं राखणाऱ्या मुलांचं काय करायचं याचं उत्तरही आपल्याकडे कधीचंच दिलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना पाहिलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती कुरणात गुरांमागे असतात. तेव्हा त्या शाळा घेऊन कुरणात गेल्या. कुरणशाळा हे नाव त्यातून आलं. पुढे ऊसतोडीच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. मराठवाड्यात गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करून मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवण्याचा प्रयत्न झाला. मला यांतला हा शेवटचा मार्ग अधिक पटतो. मळ्यावरची शाळा चांगलीच, पण मूल मळ्यावर पोहोचलं की कामालाही पोहोचतं. आपल्या पाड्यावर, आपल्या वर्गात, आपल्या बाईंसमोर ते राहिलं तर भागाकाराचा तो आठवडा चुकत नाही. फक्त संध्याकाळचं जेवण आणि रात्रीचं छप्पर यांची सोय लागते. आजी असते, पण सून-मुलगा गेल्यावर आजीच्याच घरात दाणे नसतात.

कायद्याबद्दल थोडं, कारण तो माहीत नसल्यानं आपण गप्प बसतो. बालकामगार कायदा १९८६ चा. घरकाम आणि ढाबे-हॉटेलं त्याच्या बंदीत आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी झाली आणि चौदा ते अठरा या वयासाठी खाणी, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया बंद झाल्या. मूल कामाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. इथपर्यंत चांगलं. पण त्याच दुरुस्तीत शाळेची वेळ सोडून घरच्या उद्योगात मदत करण्याची सूट ठेवली आहे. दुसऱ्याच्या बागेत घेतलेला एकराचा ठेका हा कुणाच्याही घरचा उद्योग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी मळ्यावर गेलं की पहिलं उत्तर हेच मिळतं, "आईबापांना मदत करतंय."

चौदा ते अठरा या वयाबद्दल तर मला कायमची रुखरुख आहे. शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. पाड्यावरची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी-पाचवीपर्यंत, पुढे मोठ्या गावी किंवा आश्रमशाळेत जावं लागतं. आठवी झालेली मुलगी एका पावसाळ्यात विद्यार्थिनी असते आणि दिवाळीला टोळीतली पूर्ण मजूर होते, आणि कायदा तिला बागेत काम करू देतो. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना जी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. कातडीला लागलं की भाजतं. हातमोज्यांशिवाय ते काम मोठ्यांनीही करू नये. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती तो डबा दिला जात असेल तर त्याला धोकादायक काम म्हणायला आपण कशाची वाट बघतो?

या विषयावर बोललं की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "काम केलं नाही तर खातील काय?" दुसरं, "आम्ही नाही का लहानपणी शेतात राबलो?" दुसऱ्याचं आधी सांगते. मी निफाडच्या शेतकऱ्याच्या घरातली आहे. सुट्टीत कांद्याच्या लागवडीला आईच्या शेजारी वाफ्यात बसले आहे, बोटांना रोपांचा वास घेऊन जेवले आहे. त्यानं माझं काही बिघडलं नाही, उलट शेती कळली. पण सुट्टी संपली की वडील मला वाफ्यातून उठवून शाळेत पाठवत, मग रोपं वाळली तरी चालतील. माझं काम कुणाच्या उचलीत धरलेलं नव्हतं. मी नाही गेले तर कुणी दारात येऊन उभं राहणार नव्हतं. आपल्या लहानपणच्या कष्टाची आठवण काढून क्रेटवर उभ्या असलेल्या त्या मुलीचा प्रश्न मिटवणं अन्यायाचं आहे.

आणि पहिल्या वाक्याचं उत्तर मला पाड्यांनीच दिलं. मुलं कामाला लावून वर आलेलं घर मी पाहिलेलं नाही. ज्या घरातली मुलं चार-चार हंगाम गेली, ते घर पाचव्या वर्षीही उचल घेतच होतं. मुलाचे हात फुकट मिळतात तोवर एकराचा दर वाढवायची गरज कुणाला पडत नाही. तिसरी-चौथीतल्या पोरांच्या कामानं मोठ्यांची मजुरी पडते आणि पडलेल्या मजुरीमुळे पुढच्या वर्षी पोरं न्यावी लागतात. ही साखळी गरिबीतून निघते आणि गरिबीच वाढवते. २०११ च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वयाची एक कोटीहून अधिक मुलं काम करणारी निघाली. श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२४ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती, त्यांतली ६१ टक्के शेतीत. धाडी मात्र पडतात हॉटेलांवर आणि कारखान्यांवर, कारण तिथं दार असतं, मालक असतो, फलक असतो. शेताला दार नाही.

धाडी नकोत असं मी म्हणत नाही. टपरीवर कपबशा विसळणारा मुलगा दिसला तर १०९८ ला फोन करायलाच हवा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन आज देशभर चालते, आणि सोडवलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. पण सुटका करणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवायला हवेत. आपल्याच जिल्ह्यातलं मनमाडचं उदाहरण आहे. ३० मे २०२३ ला दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची एकोणसाठ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. त्यांना मजुरीला नेलं जातंय असा संशय होता. मुलं मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांना अटक होऊन तुरुंगात राहावं लागलं, मुलं नाशिक-जळगावच्या बालगृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये गुन्हा गैरसमजातून नोंदवला गेल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. आठ वर्षांपासूनची मुलं परक्या गावात, परक्या भाषेत, आईबापांपासून तोडली गेली, तीही त्यांच्या संरक्षणाच्या नावानं. मुलाला आधी त्याचं म्हणणं विचारायचं, त्याच्या घरी फोन लावायचा, त्याची भाषा कळणारा माणूस शोधायचा, हा त्याच्या हक्काचाच भाग आहे. भारतानं १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कांच्या संहितेत मुलाचं मत ऐकून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, पूल, घाट, मोठमोठी कामं आणि त्यांवर बाहेरून येणाऱ्या टोळ्या. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. कामाचा ठेका देतानाच पाळणाघराची अट घातली आणि तपासली, तर कितीतरी मोठ्या बहिणींची शाळा त्या पाळण्यामुळे वाचेल. गोदाघाटावर दिवे-फुलं विकणाऱ्या पोरांची संख्या पर्वणीला वाढणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी पर्वणीच्या दिवशी धावपळ करून काही उपयोग नाही.

निफाड-दिंडोरीच्या माझ्या बागायतदार भावांनो, टोळी मळ्यावर उतरली की त्याच दिवशी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा आणि मुलं किती आहेत ते सांगा. बाळांना बघायला टोळीतल्याच एका बाईचा रोज एकराच्या दरात धरा. जिथं बाप गेलेला आहे किंवा आई एकटी आहे, अशा घरांना सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज भरून द्यायला कुणीतरी बसलं पाहिजे, तो आपल्या गावचा शिकलेला पोरगा असू दे. आणि पाड्यांवर, मुकादमाच्या डायरीत उचलीची नोंद पडायच्या आधी, ग्रामसभेच्या वहीत मुलांची यादी व्हायला हवी: कोण जाणार, कुठं जाणार, कोण मागे राहणार आणि कुणाजवळ. ती यादी करायला आम्ही काही निवृत्त शिक्षक यंदा कोजागरीनंतर निघतो आहोत. पेठ, सुरगाणा, हरसूल किंवा घोटीच्या बाजूला ज्यांची गाडी जाते, त्यांनी दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात.